धरणाची भिंत न वाढवता पाणी वाढवणारा इंजिनिअर : सर विश्वेश्वरय्या यांची पुण्यात घडलेली कारकीर्द

पनवेल : दरवर्षी 15 सप्टेंबरला अभियंता दिन येतो. नवीन पनवेल असो की रसायनी, इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये त्या दिवशी डोक्याला म्हैसुरी फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या फोटोला हार पडतो. मोबाईलवर त्यांच्या गोष्टी फिरतात. रेल्वेच्या डब्यात बसून रुळाचा बिघाड ओळखला, सरकारी कामाला सरकारी मेणबत्ती आणि घरच्या कामाला घरची, अशा त्या गोष्टी. दुसऱ्या दिवशी सगळं विसरलं जातं.

त्या गोष्टी आपण बाजूला ठेवू. कारण या माणसानं केलेलं खरं काम त्याहून मोठं आहे, आणि त्यातलं बरंचसं आपल्या महाराष्ट्रात झालेलं आहे. नाशिक, धुळे, पुणे, नीरा कालवा. शेतीच्या पाण्याशी ज्याचा संबंध आहे अशा प्रत्येकानं ते माहीत करून घ्यावं असं आहे.

आज आपल्या गावागावांत एक तरी पोरगं किंवा पोरगी इंजिनिअरिंगला आहे. कुणी जमिनीच्या मोबदल्यातून फी भरली, कुणी बँकेचं कर्ज काढलं. चार वर्षांनी डिग्री हातात आल्यावर पुढं काय, हा प्रश्न त्या घरांत रोज असतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यापुढंही पदवी घेतल्यावर तोच प्रश्न होता. त्यांनी काय केलं ते बघू.

वडील गेले, शिकवण्या घेऊन शिकले

विश्वेश्वरय्या यांचा जन्म तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. हे गाव बंगळूरच्या उत्तरेला चिक्कबळ्ळापूरजवळ आहे. वडील श्रीनिवास शास्त्री हे संस्कृतचे पंडित. घरात विद्या होती, पैसा नव्हता. विश्वेश्वरय्या शाळेत असतानाच वडील वारले. पुढं शिकायला ते बंगळूरला मामांकडं गेले. दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या आणि त्यातून आपलं कॉलेज करायचं, असा तो काळ. असं करत सेंट्रल कॉलेजातून त्यांनी बी. ए. केलं.

इथंच थांबले असते तर एखाद्या कचेरीत कारकून नाहीतर शाळेत मास्तर झाले असते. पण म्हैसूर सरकारनं त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि इंजिनिअरिंग शिकायला पुण्याला पाठवलं. ही शिष्यवृत्ती नसती तर पुढचं काहीच झालं नसतं, हे लक्षात ठेवायला हवं. पुढं हा मुद्दा परत येणार आहे.

पुण्याचं कॉलेज आणि पनवेलचा धागा

पुण्यात 1854 साली सरकारनं इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू केला होता. रस्ते, इमारती, कालवे यांच्या कामावर देखरेख करायला खालच्या हुद्द्याची माणसं हवी होती, म्हणून तो वर्ग. त्याचंच पुढं कॉलेज झालं. विश्वेश्वरय्या तिथं शिकले तेव्हा त्याचं नाव कॉलेज ऑफ सायन्स होतं. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो ते हेच. 1883 साली ते तिथून एल. सी. ई. ही परीक्षा पहिल्या नंबरानं पास झाले. तेव्हा इंजिनिअरची पदवी म्हणजे हीच.

या परीक्षेत त्यांना जेम्स बर्कली यांच्या नावाचं बक्षीस मिळालं. हे बर्कली कोण, तर बोरघाटातून रेल्वे नेणारे मुख्य इंजिनिअर. त्याआधी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस गलबतानं पनवेल बंदरात उतरायचा आणि इथून गाडीरस्त्यानं घाट चढायचा. पनवेलची बाजारपेठ त्या वाटेवर वाढली. 1863 साली घाटातली रेल्वे सुरू झाली, ती कर्जतवरून. मग पुण्याची माणसं आणि माल तिकडून जायला लागला. इंजिनिअरनं नकाशावर एक रेघ इकडची तिकडं मारली तर गावाचं नशीब कसं बदलतं, हे पनवेलकरांनी तेव्हाच अनुभवलंय. अलीकडं विमानतळ आला, द्रुतगती मार्ग आला, तेव्हा परत अनुभवलं.

पहिली नोकरी : नाशिक आणि खानदेश

पहिला नंबर आल्यामुळं विश्वेश्वरय्या यांना मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंत्याची जागा मिळाली. साल 1884. नेमणूक नाशिकला. पुढं काम पडलं ते खानदेशात, धुळ्याकडं.

आजची पोरं पहिल्या नोकरीत मोठं शहर बघतात. यांच्या वाट्याला पांझरा नदीचं खोरं आलं. पांझरेच्या खोऱ्यात बंधाऱ्याचं पाणी फडाफडानं वाटून घ्यायची शेतकऱ्यांची रीत फार जुनी. तिथं एका ओढ्याखालून नळ टाकून कालव्याचं पाणी पलीकडं न्यायचं काम या नव्या साहेबांकडं आलं. पावसाळा सुरू, ओढ्याला पूर, मांडलेलं काम वाळूखाली जायचं. पण नेटानं त्यांनी ते पूर्ण केलं. या असल्या कामांवर त्यांचा हात बसला. नकाशावरची रेघ आणि पावसातला चिखल यांत किती फरक असतो, ते नोकरीच्या सुरुवातीलाच कळलं.

सक्करचं पाणी : नदीच्या पोटातली विहीर

1894 च्या सुमारास सरकारनं त्यांना सिंधमधल्या सक्कर शहरात पाठवलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, आज तो पाकिस्तानात आहे. शहर सिंधू नदीच्या काठावर, पण पाणी इतकं गढूळ की पिववत नव्हतं. पाणी गाळायची मोठी टाकी बांधायला नगरपालिकेकडं पैसे नव्हते.

विश्वेश्वरय्या यांनी काठाजवळ नदीच्या पात्रातच विहीर खणली आणि तिथून पात्राखालून भुयार नेलं. वाळूतून झिरपून येणारं पाणी आपोआप स्वच्छ व्हायचं. तेच उपसून वर टेकडीवरच्या टाकीत चढवलं आणि शहराला दिलं.

आपल्याकडच्या आदिवासी वाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात नदीच्या वाळूत खड्डा खणतात आणि झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरतात. युक्ती तीच. फरक इतकाच की तिथं एका इंजिनिअरनं तिचं हिशेबात बसवून अख्ख्या शहराची योजना केली.

खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे

आता त्यांचं सगळ्यात नावाजलेलं काम. 1899 साली ते पुणे जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्याचे कार्यकारी अभियंता झाले. पुण्याला पिण्याचं पाणी आणि मुठा कालव्याला शेतीचं पाणी खडकवासल्याच्या धरणातून मिळायचं. इंग्रज त्या तलावाला लेक फाईफ म्हणत. अडचण अशी की पावसाळ्यात धरण भरून सांडव्यावरून पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात तेच पाणी कमी पडायचं.

यावर सरळ उपाय म्हणजे धरणाची भिंत उंच करा. पण त्याला खर्च फार, आणि भिंत जुनी. भिंतीवर पाण्याचा जोर वाढला तर धोका. नुसते लोखंडी दरवाजे सांडव्यावर बसवले तर पाणी अडेल, पण मोठा पूर आल्यावर ते वेळेत उघडायचे कुणी? रात्री, पावसात, माणूस पोचला नाही तर धरणच जायचं.

विश्वेश्वरय्या यांनी असे दरवाजे तयार केले की जे उघडायला माणूस लागणार नाही. दरवाज्यांना दुसऱ्या बाजूनं वजनं जोडलेली. पाणी ठरलेल्या रेषेच्या वर चढलं की पाण्याच्याच वजनानं तोल बदलायचा आणि दरवाजे आपोआप उचलले जायचे. जास्तीचं पाणी निघून गेलं, पातळी उतरली, की दरवाजे आपोआप खाली. इंजिन नाही, वीज नाही. रात्री कुणी झोपलं तरी चालेल.

1903 साली हे दरवाजे बसले. सांडव्याच्या वर आठ फूट पाणी अडवता आलं आणि धरणातला साठा सुमारे पावपट वाढला. म्हणजे चार तलावांचं पाणी असतं तिथं पाच तलावांचं झालं, तेही भिंतीला हात न लावता. पुढं असेच दरवाजे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर बसले. या दरवाज्यांचं पेटंट त्यांच्या नावावर झालं. पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचा वेगळा मोबदला घ्यायचा नाही, म्हणून त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

नीरा कालव्यावरचा प्रयोग : पाण्याची वाटणी

शेतकऱ्यांच्या दृष्टीनं याहून महत्त्वाचं काम म्हणजे नीरा कालव्यावरची ब्लॉक पद्धत. धरण बांधणं एक, आणि आलेलं पाणी वाटणं दुसरं. भांडणं होतात ती दुसऱ्यात.

भाटघरच्या धरणातून नीरा कालवा निघाला, तो पुरंदर, बारामती, इंदापूर भागाला. जो मागेल त्याला, जिथं मागेल तिथं पाणी, असं चालायचं. वरच्या अंगाचा शेतकरी बारमाही ऊस लावायचा आणि भरमसाट पाणी घ्यायचा. त्याची जमीन पाण्यानं फुगायची, खालच्या टोकाला कोरडं पडायचं. शेतं विखुरलेली असल्यामुळं चाऱ्यांतच कितीतरी पाणी मुरून जायचं.

विश्वेश्वरय्या यांनी मांडलं की गावागावांतली सलग शेतं मिळून एक ब्लॉक करायचा. पाणी द्यायचं ते त्या ब्लॉकला, आणि काही वर्षांच्या कराराची हमी देऊन. ब्लॉकमध्ये साधारण तिसऱ्या हिश्शात ऊस, बाकीत हंगामी पिकं, आणि दरवर्षी उसाची जागा बदलायची. म्हणजे जमीन खराब होत नाही आणि तेवढ्याच पाण्यात जास्त गावं भिजतात.

आधी विरोध झाला. ज्यांना पाणी भरपूर मिळत होतं त्यांना ते कशाला आवडेल? वर्तमानपत्रांतूनही टीका झाली. ते शेतकऱ्यांच्या सभा घेऊन बोलले, हिशेब मांडला. हळूहळू ही पद्धत लागू झाली आणि दख्खनच्या कालव्यांवर तिचा वापर वाढला. ऊस किती आणि पाणी कुणाला, हा वाद महाराष्ट्रात आजही मिटलेला नाही. पण त्याचं उत्तर शोधायला सव्वाशे वर्षांपूर्वी एक इंजिनिअर कालव्याच्या कडेनं फिरत होता, ही गोष्ट आपल्याला सहसा कुणी सांगत नाही.

याच काळात पुण्यात न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा संबंध आला. देशाच्या गरिबीचा विचार त्यांच्या डोक्यात पक्का बसला तो पुण्यातच.

नोकरी सोडली

पुढं त्यांच्याकडं एडनच्या पाणीपुरवठ्याचं आणि सांडपाण्याचं काम आलं. कोल्हापूर, सोलापूर, विजापूर, धारवाड अशा शहरांच्या पाणी योजनांतही त्यांचा सल्ला होता. अनेक वरिष्ठांना मागं टाकून ते अधीक्षक अभियंता झाले. पण त्यावरची मुख्य अभियंत्याची खुर्ची त्या काळी इंग्रजांसाठीच असायची. कितीही काम करा, रंग आडवा यायचा. 1908 साली, चोवीसेक वर्षांची नोकरी झाल्यावर, त्यांनी स्वतःहून निवृत्ती घेतली. पन्नाशीही झाली नव्हती.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी हैदराबादला मुसी नदीचा भयंकर पूर आला. हजारो माणसं मेली. निजाम सरकारनं विश्वेश्वरय्या यांना बोलावलं. त्यांनी नुसत्या भिंती बांधा असं सांगितलं नाही. शहराच्या वर मुसी आणि तिच्या उपनदीवर तलाव बांधा, पुराचं पाणी तिथं धरा आणि तेच पुढं शहराला प्यायला वापरा, अशी योजना दिली. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन तलाव त्यातून झाले. पाऊस पडला की ज्यांच्या घरात गाढी नदी शिरते, त्यांना या योजनेचं मोल सांगायला नको.

म्हैसूर : धरण, कारखाने आणि राजीनामा

1909 साली ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. ज्या राज्यानं शिष्यवृत्ती दिली, तिथं ते परत आले. 1911 साली कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचं काम सुरू झालं. कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज आणि मंड्याच्या कोरड्या रानाला पाणी, असे दोन हेतू. सिमेंट आजच्यासारखं मिळत नव्हतं, म्हणून चुना आणि विटांची पूड यांच्या सुरखीत हे धरण बांधलं. ते आजही उभं आहे. लाखाहून जास्त एकर जमीन त्यानं ओलिताखाली आली. त्याच वेळी कन्नंबाडीसारखं जुनं गाव पाण्याखाली गेलं, हेही सांगितलं पाहिजे. विमानतळासाठी दहा गावं उठली, ते बघितलेल्या आपल्या तालुक्याला त्याचा अर्थ वेगळा समजवायला नको.

1912 साली महाराजांनी त्यांना दिवाण केलं. इंजिनिअर माणूस राज्याचा कारभारी झाला. पुढच्या सहा वर्षांत म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, बंगळूरचं इंजिनिअरिंग कॉलेज, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा, चंदनाच्या तेलाचा कारखाना अशी कामं झाली. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना त्यांच्याच योजनेतला. पुढं तो तोट्यात गेला तेव्हा तो सांभाळायला तेच परत आले.

1918 साली मात्र त्यांचं आणि महाराजांचं पटेना. ब्राह्मणेतर समाजाची मागणी होती की सरकारी नोकऱ्यांत आमच्यासाठी जागा राखून ठेवा. नाल्वडी कृष्णराज वोडेयार महाराज त्या बाजूनं होते, त्यांनी समिती नेमली. विश्वेश्वरय्या यांचं म्हणणं, नोकरी गुणावर द्या, मागे राहिलेल्यांना शिक्षण आणि शिष्यवृत्त्या वाढवून द्या. शेवटी ते दिवाणगिरीवरून बाजूला झाले.

इथं त्यांचं मत पटणारे आणि न पटणारे, दोन्ही आहेत. आपल्या महाराष्ट्रात शाहू महाराजांनी 1902 सालीच कोल्हापुरात निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या, आणि त्यातून किती घरं वर आली ते आपण जाणतो. नुसती शिष्यवृत्ती पुरत नाही, दारही उघडावं लागतं. विश्वेश्वरय्या यांच्यासाठी ते दार पुण्यात उघडलं होतं, आणि पुढचं मुख्य अभियंत्याचं दार रंगामुळं बंद होतं. दोन्ही त्यांनी भोगलं होतं. थोर माणसाच्या आयुष्यातली ही बाजूही झाकून ठेवायचं कारण नाही.

शेवटची वर्षं

दिवाणगिरी सुटल्यावरही ते बसून राहिले नाहीत. 1921–22 मध्ये मुंबई इलाख्यातल्या तांत्रिक आणि औद्योगिक शिक्षणाच्या समितीचे ते अध्यक्ष होते. 1934 साली देशाच्या नियोजनावर त्यांनी पुस्तक लिहिलं, तेव्हा आपल्या देशात पंचवार्षिक योजना सुरू व्हायच्या होत्या. 1955 साली भारतरत्न मिळालं. 1960 साली नागपूरला सुरू झालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचं नाव दिलं, आज ते व्हीएनआयटी म्हणून ओळखलं जातं.

12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटलं. त्या लोंढ्यानं खाली खडकवासल्याचं जुनं धरणही फोडलं आणि पुणे बुडालं. ज्या धरणाचा साठा त्यांनी पावपट वाढवला होता, ते त्यांच्या हयातीतच गेलं. पुढं ते परत बांधलं गेलं. 1962 च्या एप्रिल महिन्यात, वयाची शंभरी गाठून, विश्वेश्वरय्या बंगळूरला वारले.

आपल्या तालुक्याला यातून काय

आपली इंजिनिअर पोरं ऐरोलीला, हिंजवडीला, तळोज्याच्या कंपन्यांत जातात. कुणी परदेशी जातं. त्यात चूक काही नाही, घर चालवायचं असतं. पण विश्वेश्वरय्या यांची पहिली चोवीस वर्षं बघितली तर ती सगळी ओढा, कालवा, तलाव, गटार आणि नळ यांच्यातच गेली. मोठेपण तिथून आलं. नवं काही बांधण्याआधी जे आहे त्यातून जास्त कसं मिळेल, हे बघायची त्यांना सवय होती.

पनवेल शहराला पाणी देणारं देहरंग धरण पावसाळ्यात भरून वाहतं आणि उन्हाळ्यात तळ गाठतं. त्यात गाळ साठलेला आहे हे सगळ्यांना माहीत आहे. खडकवासल्याचा जुना प्रश्न यापेक्षा फार वेगळा नव्हता. येत्या 15 सप्टेंबरला फोटोला हार घालून झाल्यावर आपल्या कॉलेजांनी सिव्हिलच्या पोरांना एक दिवस देहरंगला न्यावं. गाळ किती फूट आहे, पावसाळ्यात सांडव्यावरून किती पाणी वाया जातं, ते त्यांना मोजू द्यावं. तो आकडा ग्रामपंचायतीच्या आणि महापालिकेच्या टेबलावर ठेवावा. पुढचं भांडण आपण करू, पण हातात मोजमाप असेल तर बोलता येईल.